फासे साधेच घ्या, हुशारी कागदावर छापा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांसाठी आधी तो थोडक्यात मांडतो. सोलापूरच्या तुम्ही भाऊ-बहिणीने मिळून पेरणीवरचा एक फाशांचा खेळ तयार केलाय. पाच फासे, प्रत्येकावर सहा चित्रं: बियाणं, पाऊस, ऊन, बैल, बाजार आणि कीड. फासे टाकायचे, हवे ते बाजूला ठेवायचे, उरलेले पुन्हा टाकायचे. कुठल्याही फाशावर कीड आली की त्या डावातलं पीक गेलं. मित्रांना खेळ आवडलाय. हाताशी तीन लाख रुपये आहेत, आणि चीनमधल्या एका कारखान्याने चित्रांच्या फाशांसह हजार संचांचा भाव कळवलाय. तुम्ही विचारताय: तो भाव घ्यावा का, खेळ कुणी चोरला तर काय करायचं, विकायचा कुठे, आणि खोक्यावर नाव कुणाचं घालायचं.

मी बारा वर्षं पुण्यात छोटे खेळ करतो आणि विकतो. त्या अनुभवावरून सांगतो, तुमची खरी अडचण या चारांत नाही. तुम्हाला न ओळखणारा माणूस हा खेळ एकदा खेळून झाल्यावर आपणहून "अजून एक डाव होऊ द्या" म्हणतो का, हे तुम्हाला अजून ठाऊक नाही. ते कळायच्या आत तीन लाख एका ऑर्डरीत अडकवायचे की नाही, एवढाच निर्णय आज तुमच्यासमोर आहे. माझं उत्तर नाही असं आहे. का, ते सविस्तर लिहितो.

आधी खेळाकडेच बघू. तुम्ही लिहिलंय की "कधी कधी पहिल्याच फेकीला डाव संपतो, पण त्यात मजा येते." कधी कधी नाही, बहुतेक वेळा संपत असणार. एका फाशावर कीड न येण्याची शक्यता ५/६. पाचही फाशांवर न येण्याची शक्यता म्हणजे ५/६ पाच वेळा गुणायचं: ७७७६ पैकी ३१२५, साधारण ४० टक्के. म्हणजे दर पाच डावांतले तीन पहिल्या फेकीलाच मरतात. भिडूने अजून काही ठरवलेलंच नसतं, आणि फासे पुढच्याच्या हातात जातात. मित्रांमध्ये यावर हसायला येतं, कारण तिथे मजा मित्रांची असते. अनोळखी चौघांना बसवलंत तर तिसऱ्या फेरीला कुणीतरी मोबाइल हातात घेईल.

यावर सोपा उपाय आहे. पाच फाशांत नेमकी एकच कीड येण्याची शक्यताही ३१२५/७७७६ म्हणजे तेवढीच निघते. त्यामुळे नियम "एक कीड चालते, दोन आल्या की पीक गेलं" असा केलात, तर पहिल्या फेकीला मरणाऱ्या डावांचं प्रमाण ६० वरून २० टक्क्यांच्याही किंचित खाली येतं. आणि एक कीड पडून राहिलेला फासा समोर दिसत असताना पुन्हा टाकायचं का, हा प्रश्न भिडूला खरोखर पडतो. खेळ त्या प्रश्नात असतो. फासे नुसते पडतात, त्यांच्यावर काय करायचं हे ज्याला ठरवावं लागतं तो खेळतो.

असा निर्णय खरोखर निर्णय आहे की नुसता देखावा, हे कागदावर तपासता येतं. एक जुना साधा खेळ उदाहरणाला घ्या: एकच फासा, हवा तितक्या वेळा टाकायचा, पडेल ते दान जमा होत जातं, पण एक पडला की त्या डावातली सगळी जमा गेली. थांबायचं कधी? एक सोडून बाकी पाच दानांची सरासरी ४. पुन्हा टाकलं तर सहापैकी पाच वेळा सरासरी ४ मिळणार, म्हणजे फायदा २०/६. सहापैकी एकदा सगळी जमा जाणार, म्हणजे तोटा जमेचा सहावा भाग. दोन्ही बरोबरीत येतात ती जमा बरोबर २०. त्याआधी टाकत राहणं शहाणपणाचं, त्यानंतर थांबणं. तुमच्या खेळात असा आकडा पहिल्या फेकीलाच ओलांडला जात असेल तर थांबणं हेच कायमचं उत्तर ठरतं, आणि कधीच ओलांडला जात नसेल तर टाकत राहणं. दोन्हीकडे भिडूला डोकं चालवायला जागा उरत नाही. तो आकडा डावाच्या मध्यावर कुठेतरी यायला हवा. आणि तो समोरच्यांच्या गुणांप्रमाणे पुढेमागे सरकायला हवा, म्हणजे मागे पडलेला भिडू जास्त धोका पत्करेल.

पुन्हा टाकायची सवलत किती द्यायची हेही असंच मोजा. एका फाशाचं सरासरी दान साडेतीन. एकदा बदलायची मुभा दिली की शहाणा भिडू ते ४.२५ वर नेतो, दोनदा दिली की सुमारे ४.६७ वर. पहिल्या सवलतीने पाऊण गुण वाढला, दुसरीने अर्ध्याहूनही कमी. तिसरी सवलत दिल्याने खेळ लांबतो, रंगत वाढत नाही. तुमच्याकडे सध्या मर्यादाच नाही, ती दोनावर आणून बघा.

आपल्या जुन्या पटांवर हे सगळं होतंच. चार कवड्यांच्या पटात चारही उताण्या पडल्या की चार आणि चारही पालथ्या पडल्या की आठ, आणि दोन्ही वेळा पुन्हा टाकायला मिळतं. सर्वांत दुर्मीळ दानाला सर्वांत मोठं बक्षीस, आणि त्याच्यासोबत आणखी एक संधी. माझी आजी चिंचोके फोडून, पांढरी बाजू आणि तपकिरी बाजू करून, हाच खेळ जमिनीवर खडूने आखून खेळायची. आठ पडल्यावर घरातला आवाज बदलायचा तो मला अजून आठवतो. तुमच्या पाच फाशांत असं एखादं दान आहे का? पाचही फाशांवर पाऊस पडला तर काय होतं? तुम्ही लिहिलेल्या नियमांत त्याला काहीच वेगळं फळ नाही. ते द्या, आणि मोठं द्या. ७७७६ फेकींत एकदा येणारं दान ज्याला पडेल तो पुढची कितीतरी वर्षं सांगत फिरेल.

आता फाशांकडे येतो, कारण तीन लाखांचा प्रश्न तिथेच आहे. चित्रांचे फासे दिसायला फार गोड असतात, मला तो मोह नीट माहीत आहे. पण प्लास्टिकच्या फाशावर स्वतःचं चित्र कोरून हवं असेल तर साचा लागतो. साच्याचा खर्च वसूल व्हायला हजारोंनी फासे काढावे लागतात, आणि एकदा साचा पडला की नियम बदलता येत नाही. "बैल" हे चित्र खेळात निरुपयोगी आहे असं सहाव्या महिन्यात कळलं तर काय करणार? कोऱ्या फाशावर स्टिकर लावायचा मार्ग मी वापरलाय. घामट हातांत दहा-पंधरा डाव झाले की कोपरे उचलायला लागतात. यूव्ही छपाईचे, म्हणजे वर शाईने चित्र छापलेले, फासे थोड्या संख्येत मिळतात, पण फासे एकमेकांवर आपटतात आणि कडेची शाई आधी जाते. माझ्या दुसऱ्या खेळात मी तेच घेतले होते. चार महिन्यांनी एका काकूंनी अमरावतीहून फोटो पाठवला: तीन फासे जवळजवळ कोरे. फोटोखाली एकच ओळ होती, "आता ओळखायचं कसं?" त्या आवृत्तीतल्या ज्यांचे पत्ते सापडले त्या सगळ्यांना मी नवे फासे पाठवले.

तेव्हापासून मी एक पथ्य पाळतो. फासे बाजारात मिळतात तसे साधे, १६ मिमीचे, ठिपक्यांचे घ्यायचे आणि खेळातली सगळी हुशारी कागदावर छापायची. तुमची चित्रं सहाच आहेत आणि फाशाच्या बाजूही सहाच. १ म्हणजे कीड, २ बियाणं, ३ ऊन, असा पोस्टकार्डाएवढा तक्ता प्रत्येक भिडूसमोर ठेवा. पहिला डाव लोक तक्त्याकडे बघत खेळतील, दुसऱ्या डावात "आली कीड!" असं एक ठिपका बघूनच ओरडतील. याचा एक मोठा फायदा तुमच्या लक्षात आला नसेल. तक्ता बदलला की खेळ बदलतो. दुष्काळाचा तक्ता, अवकाळीचा तक्ता, द्राक्षबागेचा तक्ता, आणि फासे तेच पाच. पुढच्या वर्षी नवीन खेळ काढायला तुम्हाला एक शीट कागद लागेल. शिवाय एखादा फासा कपाटाखाली गेला तर लोक कोपऱ्यावरच्या दुकानातून दुसरा आणतील, तुमचं खोकं माळ्यावर जाणार नाही.

फासे कुठूनही घ्या, पण तपासून घ्या. वीस फासे एका डब्यात घालून तीस वेळा टाका, म्हणजे ६०० दानं झाली. प्रत्येक आकडा साधारण १०० वेळा यायला हवा. प्रत्येक आकड्याचा शंभरापासूनचा फरक काढा, त्याचा वर्ग करा, शंभराने भागा आणि सहांची बेरीज करा. ती ११ च्या पुढे गेली तर संशय घ्या आणि पुन्हा टाकून बघा, कारण चांगले फासेही वीसातून एखाद वेळा ही रेघ ओलांडतात. दुसऱ्यांदाही ओलांडली तर तो माल परत करा. फार बारीक खोट या चाचणीत सापडणार नाही, पण घरगुती खेळाला ती जाणवतही नाही. १८९४ मध्ये वेल्डन या इंग्रज शास्त्रज्ञाने बारा फासे २६,३०६ वेळा टाकून नोंदी ठेवल्या होत्या, तेव्हा पाच आणि सहा किंचित जास्त पडताना दिसले. ठिपके कोरताना त्या बाजूंचं जास्त साहित्य निघून जातं आणि त्या हलक्या होऊन वर येतात, असं त्याचं कारण सांगितलं जातं. कॅसिनोच्या फाशांत ठिपक्यांची भोकं तेवढ्याच वजनाच्या पदार्थाने भरतात ती याचसाठी.

लाकडी फासे हवेत असं तुमच्या बहिणीचं म्हणणं आहे. सावंतवाडीची लाकडी खेळणी हातात घेतली की तो मोह मलाही होतो. पण लाकडाचा दाटपणा एकाच तुकड्यात इकडे वेगळा, तिकडे वेगळा असतो, आणि पावसाळ्यात ते फुगतं. फासा हीच एक वस्तू अशी आहे जिच्या सहाही बाजू सारख्या वागायला हव्यात. लाकूड सोंगट्यांना वापरा, तिथे ते शोभतं आणि बाधत नाही.

छपाई मात्र जवळच करा. सोलापुरात ऑफसेट प्रेस आहेत, त्यांच्याकडे स्वतः जा. जाताना पीडीएफ घेऊन जाऊ नका, हाताने कापून चिकटवलेली डमी न्या. छापणाऱ्याला डमी हातात मिळाली की तो स्वतःच सांगतो, हे इतकं लहान केलंत तर १८ बाय २३ इंचांच्या एका शीटमध्ये सगळं बसेल आणि डाय पंचिंग, म्हणजे साच्याने कापणं, एकदाच करावं लागेल. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त पैसे या एका संभाषणाने वाचवलेत. पट असेल तर एक गोष्ट आवर्जून सांगा. पुठ्ठ्यावर एकाच बाजूला छापील कागद चिकटवून लॅमिनेशन केलं की पट वाकतो, कारण एक बाजू ओल शोषते आणि दुसरी शोषत नाही. माझ्या पहिल्या खेळाचे दीडशे पट जूनमध्ये आले आणि जुलैत सगळ्यांची ताटलीसारखी वाटी झाली. फासे मध्यभागी घरंगळत यायचे. दोष छापणाऱ्याचा नव्हता, मीच पैसे वाचवायला मागचा कागद नको म्हटलं होतं. दोन्ही बाजूंना कागद हवाच, मागचा कोरा असला तरी चालेल.

खोक्याचा आकार कुरियरवाला ठरवतो असं धरून चाला. कुरियर कंपन्या लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून सहसा ५००० ने भागतात आणि ते वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त आलं तर त्याचे पैसे घेतात. ३० बाय ३० बाय ७ चं खोकं ६३००/५००० म्हणजे सव्वा किलो धरलं जातं, आत पाच फासे आणि हवा असली तरी. १५ बाय १० बाय ५ चं खोकं दीडशे ग्रॅम. तुमच्या खेळात पाच फासे, चार तक्ते, एक गुणपत्रिकांची वही आणि नियमांची घडी आहे. हे सगळं दुसऱ्या खोक्यात आरामात बसतं. मोठं खोकं दुकानात उठून दिसतं हे खरं आहे. पण तुमची पहिली गिऱ्हाइकं दुकानातून येणार नाहीत, त्यामुळे तो खर्च आत्ता नको.

किती प्रती काढायच्या? आकडे मी समजा म्हणून घेतो, तुमचे भाव वेगळे असतील. समजा २०० संच काढले तर एकाचा खर्च २४० रुपये येतो आणि हजार काढले तर १५०. कागदावर नव्वद रुपये वाचलेले दिसतात आणि माणूस हजारांकडे ओढला जातो. पण हजारांना दीड लाख लागले, आणि त्यातले वर्षभरात तीनशेच गेले, तर विकलेल्या प्रत्येक संचाचा खर्च ५०० पडला. उरलेले सातशे घरात जागा अडवून बसतात, आणि मधल्या काळात नियमांत सापडलेली चूक सुधारताही येत नाही. दोनशेला ४८ हजार लागतात. ते सगळे गेले तर दुसरी, सुधारलेली आवृत्ती काढायला तुमच्याकडे अडीच लाख शिल्लक असतात. पहिल्या आवृत्तीत कमाई होणार नाही हे मनाशी आधीच धरून ठेवा.

किंमत ठरवताना दुकानाचा वाटा आधी वजा करून बघा. छापील किंमत ६४९ ठेवली आणि दुकानदाराने ४० टक्के घेतले, तर तुमच्या हातात ३८९ येतात. त्यातून २४० खर्च गेला की दीडशेच्याही आत, आणि त्यातूनच कर, नमुन्याच्या प्रती, खराब निघालेले संच भागवायचे. तोच संच थेट विकला तर कुरियरचे ७० आणि पैसे भरायच्या सेवेचे तेरा-चौदा रुपये जाऊन सव्वातीनशे उरतात. म्हणून पहिले दोनशे थेट विका. दुकानात द्यायचं ठरवलंत तर खर्च किमतीच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास आणल्याशिवाय देऊ नका.

विकायचं कुठे, याला आपल्याकडे एक जुना रस्ता आहे: प्रकाशनपूर्व सवलत. मराठी प्रकाशक पुस्तक छापायला जाण्याआधी वाचकांकडून सवलतीत पैसे घेऊन नोंदणी करतात, तेच करा. किकस्टार्टर या लोकांकडून आगाऊ पैसे उभारायच्या परदेशी संकेतस्थळावर भारतातून प्रकल्प लावता येत नाही, आणि तुमच्या खेळाला त्याची गरजही नाही. छपाईच्या दोन महिने आधी खेळाचा एक डाव मोबाइलवर चित्रित करा, न कापता, तीन-चार मिनिटांचा. तो तुमच्या ओळखीच्या गटांत, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या गटात, गावच्या गटात पाठवा. ऐंशी जणांनी आगाऊ पैसे भरले तर दोनशे छापा. वीसच भरले तर छापू नका, त्यांचे पैसे परत करा आणि खेळावर पुन्हा बसा. मी हे एकदा केलंय. अवघड जातं, पण त्या वीस जणांतले बरेचसे पुढच्या खेळाला परत आले.

वेळ दोनच: दिवाळीच्या आधीचे सहा आठवडे आणि परीक्षा संपल्यावरचा एप्रिल. या दोन काळांत सोसायटीत टेबल टाकून बसलात तर हातोहात जातात, बाकी वर्षभर दिवसाला एखादा. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांना जरूर लिहा. पेरणी, बैल, अवकाळी हे शब्द मुलांच्या तोंडी यावेत अशी तिथल्या आईबापांची फार इच्छा असते, आणि दिवाळीला तिकडे जाणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत छोटं खोकं सहज जातं. नियम मराठीतच ठेवा, मागच्या पानावर इंग्रजी द्या.

आता कायद्याच्या गोष्टी. या परिस्थितीवर अवलंबून आहेत, म्हणून मी सांगतो त्यावर थांबू नका, सीएला आणि संबंधित कार्यालयाला विचारा. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, प्रमाणन सक्तीचं आहे. व्याख्येत "केवळ मुलांसाठी नसलं तरी" असा अर्थ आहे, त्यामुळे बैलांची गोंडस चित्रं काढून कोपऱ्यात "१४+" छापलं की सुटलो असं होत नाही. परवाना ज्या जागेत माल तयार होतो त्या जागेला मिळतो, आणि परदेशी कारखान्यालाही तो लागतो. तुम्हाला चीनमधून आलेल्या भावात याचा उल्लेख आहे का बघा. नसेल तर माल बंदरात अडकू शकतो. खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. तुमचा माल कुठल्या शीर्षकाखाली येतो हे ऑर्डर द्यायच्या आधी कस्टम एजंटकडून लेखी घ्या. माझ्या मते तुमचा खेळ मोठ्यांसाठी करा. शेतीतला बाजारभाव आणि कर्ज आत आणा, चित्रं गंभीर करा, म्हणजे तो खरोखरच मोठ्यांचा होईल, नुसत्या शिक्क्यापुरता नाही. तरीही बीआयएसच्या कार्यालयाकडून लेखी उत्तर मागून घ्या. आणि खोक्यावर तान्ह्या मुलांपासून लांब ठेवण्याची सूचना ठळक घाला, १६ मिमीचा फासा घशात अडकतो.

जीएसटीत लोक एका ठिकाणी फसतात. मालाच्या विक्रीला वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणीतून सूट आहे, पण ती राज्यातल्या राज्यात. बेळगावला किंवा इंदूरला एक जरी संच विकलात तरी नोंदणी लागते. खोक्यावर कमाल किरकोळ किंमत, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, आत किती नग आणि तक्रारीसाठी संपर्क हे छापणं वेष्टनाच्या नियमांनुसार आवश्यक आहे. हे आधी ठरवा, नाहीतर छापून आलेल्या खोक्यांवर स्टिकर लावत बसावं लागतं. आणि नियमांत कुठेही पैसे लावायची सोय ठेवू नका. फासे आणि पैसे एकत्र आले की १८८७ चा जुगारबंदीचा कायदा आजही महाराष्ट्रात लागू आहे.

चोरीची भीती तुम्ही तीन वेळा लिहिली आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. खेळ खेळण्याच्या पद्धतीवर आपल्याकडे पेटंट मिळत नाही. पेटंट कायद्याच्या ३(एम) कलमात तसं थेट लिहिलंय. तुमच्या शब्दांत लिहिलेली नियमावली आणि चित्रं यांवर कॉपीराइट आपोआप असतो. नावाचा ट्रेडमार्क खेळ-खेळण्यांच्या २८ व्या वर्गात घेता येतो, वैयक्तिक ऑनलाइन अर्जाला शुल्क साडेचार हजार. पहिल्या आवृत्तीला तेवढंच पुरे, तेही नाव पक्कं झाल्यावर. पण लपवून ठेवलेला खेळ कधीच सुधारत नाही. खेळून बघणाऱ्यांकडून गुप्ततेच्या कागदावर सही घ्यायचा तुमचा विचार सोडून द्या, त्याने चांगली माणसं लांब जातील.

कारण आता तुम्हाला माणसंच हवीत. अनोळखी, वेगवेगळ्या वयांची, किमान दहा घरं. आणि तुम्ही स्वतः नियम समजावून सांगायचे नाहीत. खोकं द्यायचं, खुर्ची मागे ओढून बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. बाजारावरच्या माझ्या एका खेळाच्या वेळी साताऱ्यात दोन जावांच्या हातात मी असं खोकं दिलं होतं. धाकटीने नियमांचा कागद उलटा-पालटा केला, मग मोठीने घेतला, मग दोघींनी मिळून पहिल्यापासून वाचला. सात मिनिटं गेली. सुरुवात कुणी करायची हे मी लिहिलंच नव्हतं. शेवटी मोठी म्हणाली, "तू घे आधी, तू लहान." तोच नियम मी नंतर छापला: सर्वांत लहान भिडूने सुरुवात करायची. त्या सात मिनिटांत मला जे कळलं ते घरच्या शंभर डावांत कळलं नव्हतं.

बघताना तीन गोष्टी टिपा. कागद पुन्हा कधी उघडला, कुणाचं लक्ष दुसरीकडे कधी गेलं, आणि डाव संपल्यावर फासे खोक्यात गेले की हातातच राहिले. "आवडला का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. दहापैकी सहा घरांत फासे हातात राहिले तर छापायला जा.

म्हणजे क्रम असा: किडीचा नियम बदला, साधे फासे आणून तक्ते हाताने काढा, दहा घरं फिरा, मग आगाऊ नोंदणी, मग दोनशे प्रती. चीनच्या कारखान्याला सध्या नम्रपणे थांबायला सांगा.

नावाचा प्रश्न राहिला. खोक्याच्या दर्शनी बाजूला, खेळाच्या नावाखाली, दोघांचीही नावं पूर्ण घाला, मागच्या बाजूला बारीक अक्षरांत नको. पूर्वी खेळ करणाऱ्यांची नावं खोक्यावर सहसा येत नसत. १९८८ मध्ये न्यूरेंबर्गच्या खेळण्यांच्या जत्रेत काही जर्मन खेळकारांनी बिअरच्या ग्लासाखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर सह्या केल्या, की खोक्यावर नाव छापणार नसेल तर त्या प्रकाशकाला आम्ही खेळ देणार नाही. तेव्हापासून तिकडे चित्र पालटलं. तुमच्या बाबतीत प्रकाशकही तुम्हीच आहात, त्यामुळे कुणाशी भांडायचं नाही. पाऊस-बैलांची मूळ कल्पना बहिणीची आहे असं तुम्हीच लिहिलंय, तर तिचं नाव आधी घ्या. आणि चित्रं काढणाऱ्याचं नाव त्याच्या शेजारी, तेवढ्याच अक्षरांत.